एकच प्रत, दोन पेन्सिली : आम्ही दोघांनी वाचलेल्या कादंबऱ्या

पानखूण

आमच्या घरात कादंबरीची प्रत एकच असते आणि ती आम्ही दोघंही वाचतो. मी पेन्सिलीनं समासात उभी रेघ ओढते, नवरा ओळीच्या शेवटी बारीक टिंब देतो. दोघांचीही सवय लग्नाआधीपासूनची. गेल्या आठवड्यात कपाट आवरताना ‘मृत्युंजय’ हाती आलं. सहज चाळायला घेतलं आणि मग तिथेच जमिनीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उलटली. एवढ्या जाडजूड पुस्तकात माझी रेघ आणि त्याचं टिंब एकाही पानावर शेजारी आलेलं नाही.

रात्री त्याला दाखवलं. त्यानंही बराच वेळ पानं उलटून पाहिली. म्हणाला, "अगं, तू कर्ण वाचलाच नाहीस." मी म्हटलं, "आणि तू वृषाली." तिथून बोलणं सुरू झालं ते चार रात्री चाललंय. म्हणून हा धागा काढते आहे. नवराही इथला सभासद आहे (रातवाचक), तो त्याची बाजू स्वतः मांडेल. तुम्हीही लिहा. घरात दोघं वाचणारे असतील तर कुठल्या कादंबरीवर जुळलं, कुठल्या कादंबरीवर फाटलं, ते सांगा. एकच सूचना, कादंबऱ्यांचे शेवट इथे उघड बोलले जातील. ज्यांना वाचायच्या आहेत त्यांनी जपून पुढे जावं.

सुरुवात ‘मृत्युंजय’पासूनच करते. सोळाव्या वर्षी मी हे पुस्तक वाचून रडले होते, कर्णासाठीच. तेव्हा हातात पेन्सिल नव्हती. या प्रतीतल्या रेघा पस्तिशीतल्या आहेत, आणि त्या जवळजवळ सगळ्या कुंती आणि कर्णाची बायको वृषाली यांच्या निवेदनात आहेत. शिवाजी सावंतांनी सहा जणांना बोलायला लावलं : कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, कर्णाचा भाऊ शोण आणि श्रीकृष्ण. १९६७ साली मराठीत पौराणिक कादंबरीची अशी मांडणी करणं ही मोठीच हिंमत होती. पण दुसऱ्या वाचनात मला सारखं वाटत राहिलं, की तोंडं सहा आहेत आणि सगळ्यांची मान एकाच दिशेला वळलेली आहे. वृषाली बोलते तेव्हाही ती कर्णाबद्दलच बोलते. तिचं स्वतःचं दुखणं काय, ते ओळींच्या फटीतून शोधावं लागतं. माझ्या रेघा म्हणजे तो शोध.

कुंतीचं मला दुसऱ्यांदा जे दिसलं ते पहिल्यांदा मुळीच दिसलं नव्हतं. ती मुळात पृथा. शूरसेनाची मुलगी, लहानपणीच कुंतिभोजाला देऊन टाकलेली. बापानं मुलगी देऊन टाकली, आणि पुढे त्या मुलीनं स्वतःचं मूल नदीत सोडलं. देऊन टाकणं म्हणजे काय असतं हे तिला मूल सोडण्याच्या कितीतरी आधी कळलेलं होतं. सोळाव्या वर्षी मी तिला आई म्हणून दोषी ठरवून मोकळी झाले होते. आता ती मला मुलगी म्हणून दिसते.

आणि कर्ण. त्याच्यावर अन्याय झाला, याबद्दल वादच नाही. पण द्यूतसभेत द्रौपदीला जे शब्द ऐकावे लागले त्यांतले सगळ्यांत जहरी शब्द महाभारतात कर्णाच्या तोंडी आहेत. ज्याला जन्मभर जातीवरून बोल लावले गेले त्याला भर सभेतला अपमान काय असतो हे इतरांपेक्षा जास्त कळायला हवं होतं. तिथे माझं मन त्याच्यावरून उठलं ते पुन्हा बसलं नाही.

नवऱ्याची टिंबं कुठे आहेत ते त्यालाच विचारा.

रातवाचक

सांगतो. सगळ्यांत जास्त टिंबं कवचकुंडलांच्या प्रसंगात आहेत. समोरचा याचक म्हणजे इंद्र आहे हे कर्णाला ठाऊक आहे. सूर्यानं आधीच सावध केलेलं आहे. म्हणजे आपण फसवले जातोय हे माहीत असताना, उघड्या डोळ्यांनी तो अंगावरचं कवच कापून देतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अकरावीत होतो. घरची परिस्थिती बिकट होती, आणि कुठेही गेलो की आधी माझ्या वडिलांची नोकरी विचारली जायची. त्या वयात एक माणूस भेटला ज्याला सगळे ‘सूतपुत्र’ म्हणत होते आणि ज्याच्याकडे देण्यासारखं काही आहे हे त्यानं कुणाला विचारून ठरवलं नव्हतं. माझ्यासाठी ते पुस्तक म्हणजे नुसती कथा नव्हती.

द्यूतसभेबद्दल बायको म्हणते ते खरं आहे आणि मी त्याचं समर्थन करत नाही. पण प्रथमपुरुषी कादंबरीचा एक धर्म असतो. जो बोलतोय त्याच्या कातडीत शिरून लिहायचं. कर्ण स्वतःची गोष्ट सांगताना स्वतःला फाशी देणार नाही. त्याचा न्याय वाचकानं करायचा, आणि ती तो करते आहेच. म्हणजे पुस्तकानं तिला तेवढी जागा ठेवली, असं मी म्हणेन.

एक कबूल करतो. वृषालीचा भाग मी दोन्ही वेळा घाईनं वाचला. पुढे युद्ध होतं, मला तिकडे पोचायचं होतं.

कोरं_पान

सुंदर धागा. वाचतेय. फक्त एक भर घालते. ‘मृत्युंजय’ आलं त्याच १९६७ साली इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ही आलं. ती कादंबरी नाही, महाभारतातल्या व्यक्तींवरचे लेख आहेत, पण तुम्हा दोघांचं भांडण त्या दोन पुस्तकांमध्ये आधीच होऊन गेलेलं आहे. सावंत कर्णाला छातीशी धरतात, आणि इरावतीबाई त्याला समोर बसवून एकेक प्रश्न विचारतात. एकाच वर्षी, एकाच भाषेत. दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचा, ही आग्रहाची विनंती. मी आधी ‘युगान्त’ वाचलं होतं, त्यामुळे ‘मृत्युंजय’मध्ये पूर्ण बुडणं मला कधी जमलं नाही. याची थोडी खंत आहे. काही पुस्तकं योग्य वयात आधी वाचून रडून घ्यायला हवीत.

निळी_शाई

+१ कोरं पान.

पानखूण, ‘ययाति’वर तुमचं काय मत? आमच्याकडे त्यावरून कायम वाजतं. माझ्या नवऱ्याला ती मराठीतली सर्वश्रेष्ठ कादंबरी वाटते. मला मधेमधे प्रवचन ऐकल्यासारखं होतं.

पानखूण

निळी शाई, ‘ययाति’वर आमच्याकडे उलटं आहे. मी बाजू घेते, नवरा नाकारतो.

वि. स. खांडेकरांनी १९५९ साली एक गोष्ट केली ती मला अजून थक्क करते. देवयानीला तिच्या स्वतःच्या तोंडून बोलू दिलं. आपल्याकडे देवयानी म्हणजे गर्विष्ठ, आततायी, शर्मिष्ठेला दासी करणारी, एवढंच. पण तिची बाजू क्षणभर ऐका. ज्याच्यावर प्रेम केलं तो कच विद्या घेऊन निघून गेला. मैत्रिणीनं विहिरीत ढकललं. ज्यानं वर काढलं त्याच्याशी लग्न झालं, आणि त्यानं त्याच मैत्रिणीशी गुपचूप संसार थाटला. यानंतर ती गोड कशी राहणार? खांडेकरांचं मन शर्मिष्ठेकडे आहे, ते लपत नाही. तरीही देवयानीचा आवाज त्यांनी दाबला नाही. माझ्या रेघा तिथे आहेत.

आणि अलका. किती जणांना अलका आठवते? सोनेरी केसांची, ययातीवर जीव लावणारी दाईची मुलगी. राजवाड्याला ती अडचण वाटली आणि तिला संपवण्यात आलं. कादंबरी पुढे निघून जाते, पण माझं मन बराच काळ तिथेच अडकून राहिलं होतं. ज्या कादंबरीचा विषयच सुखाची हाव आहे तिच्यात त्या हावेची पहिली किंमत एका नोकराणीच्या मुलीनं चुकवली, हे मला पुस्तकातलं सगळ्यांत खरं वाटतं. ते सांगायला खांडेकरांनी तिथे एकही सुविचार लिहिला नसता तरी चाललं असतं.

रातवाचक

माझी अडचण बायकोच्या या शेवटच्या वाक्यातच आहे. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा, तिघांनाही खांडेकरांनी एकच भाषा दिली. तिघंही उपमा देत बोलतात, तिघंही आयुष्याबद्दल घडीव वाक्यं टाकतात. डोळे मिटून एखादा परिच्छेद वाचून दाखवला तर कोण बोलतंय ते सांगता येणार नाही. आम्ही हा प्रयोग खरोखर केला. बायको वाचत होती, मी ओळखत होतो. सात परिच्छेदांपैकी तीन चुकले. आता सुखामागे धावणारा आजचा माणूस खांडेकरांना ययातीत दिसला आणि तो त्यांना दाखवायचा होता, हे समजतं. साहित्य अकादमी, मग १९७४चं ज्ञानपीठ, मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ, या सगळ्याचा आदर आहे. पण कादंबरी माझ्याशी बोलत नाही, मला शिकवते.

पानखूण

चार ओळखले, हेही सांग. आणि ओळखलेल्या चारांपैकी तीन देवयानीचे होते.

जुनी_वही

नमस्कार. मी सत्तरीची आहे, इथे बहुतेक नुसती वाचते. पण हा विषय जवळचा आहे म्हणून लिहिते.

आमच्या ह्यांची नजर सात-आठ वर्षांपूर्वी अधू झाली. वाचनाचं वेड जबर, त्यामुळे मी मोठ्यानं वाचायला लागले. पहिलं पुस्तक त्यांनीच मागितलं, श्री. ना. पेंडशांचं ‘तुंबाडचे खोत’. दोन खंड, हजाराहून जास्त पानं. रोज तासभर असं करत कित्येक महिने लागले. मी ती कादंबरी आधी मनात वाचलेली होती आणि मला ती पसरट वाटली होती. मोठ्यानं वाचताना तसं वाटेना. पिढ्यामागून पिढ्या येतात, नावं आणि नाती आठवत राहावी लागतात, आणि हे मधेच थांबवून विचारायचे, "हा कुणाचा मुलगा गं?" मग मी मागची पानं काढून सांगायची. खोतांचं घराणं आम्हाला आमच्या नातेवाइकांसारखं झालं. मनात वाचताना डोळा ओळींवरून पळतो. तोंडानं वाचलं की लेखकाचा श्वास कळतो. पेंडशांची वाक्यं बोलण्याच्या लयीत आहेत, ती कानासाठीच लिहिली असावीत असं मला तेव्हा वाटलं.

मतं मात्र जुळत नाहीत, अजूनही. ‘स्वामी’ संपवलं त्या दिवशी हे खूप हळवे झाले होते आणि मी गप्प होते.

पानखूण

जुनी वही, तुमचा प्रतिसाद दोघांनी मिळून वाचला. आभार कसे मानू कळत नाही. ‘स्वामी’च्या वेळी तुम्ही गप्प का होता, ते सांगाल का? मला वाटतं मला कळलंय, पण तुमच्याकडून ऐकायचं आहे.

जुनी_वही

रमाबाईमुळे. रणजित देसाईंनी माधवराव आणि रमाबाई यांचं नातं इतकं हळुवार लिहिलं आहे की कुणीही विरघळेल. सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रं, पानिपताचा घाव ताजा, घरात काकाशी उभा दावा, आणि अंगात क्षय. अशा माणसाच्या बाजूला ती मुलगी उभी आहे. १७७२ साली थेऊरला माधवराव गेले तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. ती सती गेली. हा इतिहास आहे, देसाईंनी रचलेला नाही. पण तो शेवट त्यांनी ज्या तेजानं लिहिला आहे त्याची मला भीती वाटली. वाचताना माझाही आवाज भरून आला, आणि आवाज का भरून यावा याचाच मला राग आला. एका कोवळ्या मुलीचं जळणं आपण सुंदर म्हणून वाचतोय. ह्यांना हे त्या दिवशी सांगता आलं नाही. नंतर सांगितलं. ते म्हणाले, "मला ती दिसलीच नाही, मला तोच दिसत होता."

रातवाचक

जुनी वही, नमस्कार. काकांचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आहे. वृषालीच्या बाबतीत मी हेच म्हणायला हवं होतं.

तरी ‘स्वामी’च्या बाजूनं थोडं. १९६२ साली ही कादंबरी आली तेव्हा माधवराव सामान्य वाचकाला पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींइतकेच माहीत असणार. देसाईंनी त्यांना ताप येणारा, चिडणारा, बायकोपाशी हळवा होणारा माणूस केलं. राघोबादादांना कैदेत ठेवावं लागतं तेव्हाची त्यांची घालमेल मला शेवटापेक्षाही मोठी वाटते. ज्या काकाच्या अंगाखांद्यावर वाढलो त्याच्या दारावर पहारा बसवायचा, आणि तरी त्याला नमस्कार करायला जायचं. माझं एक टिंब तिथे इतकं दाबून दिलंय की मागच्या पानावर उमटलंय.

सरळसोट

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून बोलतो. ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, विश्वास पाटलांचं ‘पानिपत’, ही तिन्ही मी आवडीनं वाचली आहेत. पण लोक त्यांतले संवाद पुरावा म्हणून तोंडावर फेकतात तेव्हा त्रास होतो. माधवराव अमुक म्हणाले, भाऊ तमुक म्हणाले. अहो, ते कादंबरीकार म्हणाले! माझी बायको सांगते की तिला इतिहासाची गोडीच ‘पानिपत’नं लागली, त्याशिवाय ती मूळ पत्रांकडे कधी वळली नसती. ते बरोबर आहे. मग आमचं असं ठरलं की ऐतिहासिक कादंबरी संपली की त्या काळातलं एक तरी अस्सल पत्र वाचायचं. ‘पानिपत’नंतर आम्ही पानिपतासंबंधीची जी पत्रं छापून आलेली आहेत त्यांतली काही वाचली. कादंबरीत जी माणसं शौर्यानं बोलतात ती पत्रांत अनेकदा पैसा नाही, दाणागोटा नाही, म्हणून रडकुंडीला आलेली असतात. ते वाचून पुन्हा कादंबरी उघडली तर तीच पानं निराळी लागतात.

निळी_शाई

हा उपक्रम आम्हीही उचलतो.

विषय थोडा बदलते. कुणी ‘रणांगण’ जोडीनं वाचलं आहे का? विश्राम बेडेकर, १९३९. आम्ही मागच्या महिन्यात एका बैठकीत वाचलं, लहानसंच आहे. बोटीवरचे ते थोडे दिवस, जर्मनीतून हाकलून लावलेले ज्यू, त्यांत हॅर्टा, आणि प्रेमावरचा विश्वास गमावून बसलेला चक्रधर. वर्ष पुन्हा एकदा बघा. महायुद्धाची नुकती सुरुवात, ज्यूंचं पुढे काय होणार हे जगाला कळायचं होतं, आणि मराठीत ही कादंबरी लिहिली गेली. शेवटी हॅर्टा समुद्रात उडी घेते. माझा नवरा म्हणाला चक्रधर भित्रा आहे. मी म्हटलं, तो भित्रा आहे हे लेखकाला माहीत आहे, म्हणूनच ती कादंबरी आहे. तासभर बोलणं नाही मग.

पानखूण

निळी शाई, ‘रणांगण’वर आमचं एकमत आहे आणि ते फार दुर्मीळ आहे. दोघांनाही वाटतं की ही प्रेमकथा म्हणून सांगितली गेली तर चूक होते. त्या बोटीवरच्या ज्यूंपैकी कुणालाच कुठल्या बंदरावर आपलं म्हणून उतरायचं नाही. चक्रधरला परत जायला देश आहे, हॅर्टाला नाही. दोघांच्या प्रेमातलं सगळं अंतर एवढंच आहे. तो तिला थांबवू शकला असता का, यावर आम्ही बोललो, पण आवाज चढवून नाही.

गंमत म्हणजे दोघांनीही या पुस्तकात फारशा खुणा केलेल्या नाहीत. वाचताना थांबायला सवडच मिळत नाही.

मोरपंखी

तुम्हा सगळ्यांचं वाचून मला एका जोडप्याची आठवण झाली. उमा कुलकर्णी आणि विरूपाक्ष कुलकर्णी. कन्नड लेखक भैरप्पांचं ‘पर्व’ आपण मराठीत वाचतो ते उमाताईंमुळे. त्यांच्या कामाची पद्धत माहीत आहे ना? विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून टेप करून ठेवायचे आणि उमाताई ते ऐकून मराठीत उतरवायच्या. विरूपाक्षांनी स्वतः मराठीतून कन्नडमध्ये भाषांतरं केली. म्हणजे एकाच घरात पुस्तकं दोन्ही दिशांनी ये-जा करत होती. मी ‘पर्व’ वाचताना अनेकदा थांबून विचार केला, की हे वाक्य आधी एका माणसानं आपल्या बायकोसाठी मोठ्यानं वाचलेलं आहे.

आणि तुमच्या कर्णाच्या वादात ‘पर्व’ घ्याच. तिथे चमत्कार नाहीत. युद्धाच्या तोंडावर उभी असलेली वयस्क, थकलेली माणसं आठवणी काढत बसलेली आहेत. माझ्या जोडीदाराला ते सहन झालं नाही, तो म्हणाला माझं बालपण काढून घेतलं या पुस्तकानं. मला मात्र कुंती आणि द्रौपदी पहिल्यांदाच शेजारी राहणाऱ्या बायकांसारख्या दिसल्या.

रातवाचक

मोरपंखी, ‘पर्व’ पुढच्या महिन्यात. जुनी वहींचं ऐकून ते मी मोठ्यानं वाचून दाखवणार आहे.

मला अजून एका पुस्तकाबद्दल लिहायचं आहे, कारण ते माझं आहे आणि बायकोनं ते तीनदा अर्धवट टाकलं आहे. ‘कोसला’. नेमाडेंनी ती पंचविशीत लिहिली, १९६३ साली ती आली. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर, वसतिगृह, मेस, मित्र, नापास होणं, आणि हात हलवत घरी परतणं. गोष्ट म्हणून काहीच घडत नाही अशी तक्रार नेहमी होते. मी ती वसतिगृहात राहत असताना वाचली. तोवर मला वाटत होतं की कादंबरीतली माणसं माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात. हा माणूस माझ्यासारखं बोलत होता.

बायकोचा राग ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या दोन शब्दांवर आहे. ती म्हणते, हा मुलगा कशाचीच जबाबदारी घेत नाही, प्रत्येक गोष्टीला ‘वगैरे’ लावून सोडून देतो. माझं म्हणणं, ते शब्द म्हणजे त्याचं चिलखत आहे. जो माणूस स्वतःबद्दल बोलतानाही उदाहरण म्हणून बोलतो, त्याला कुठेतरी फार लागलेलं असतं.

पानखूण

मान्य नाही. चिलखत घातलेल्या माणसाला शंभर पानं सोबत करायची म्हणजे वाचकालाही जड होतं. त्यात त्याच्या जगात बायका जवळजवळ नाहीतच. आई आहे, बहिणी आहेत, आणि त्याही दूर घरी.

कोरं_पान

पानखूण, तुम्ही कुठल्या पानापर्यंत पोचलात? मनीपर्यंत?

पानखूण

नाही. मनी कोण?

कोरं_पान

काही सांगत नाही. या वेळी सोडू नका. मनीपर्यंत जा आणि मग इथे या.

धूळपाटी

दरम्यान माझी भर. आमचं जुळलेलं पुस्तक : ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. धनगरांच्या वस्तीवर आलेला कोवळा मास्तर, तालीम बांधून होते, आणि मग दुष्काळ येतो आणि वाडी रिकामी होते. दोघंही शिक्षक आहोत, त्यामुळे शाळेत पोरं यावीत म्हणून त्या मास्तरची चाललेली धडपड आम्हाला पाठ आहे. एकच बैल असलेल्या शेकूची बायको औताला बैलाच्या जोडीला स्वतः उभी राहते, त्या जागी आम्ही दोघंही पुस्तक मिटून बसलो होतो. माडगूळकर तिथे एकही हळहळीचा शब्द लिहीत नाहीत. दिसलं ते सांगतात आणि पुढे जातात.

न जुळलेलं पुस्तक : मिलिंद बोकिलांचं ‘शाळा’. मला प्रचंड आवडतं. बायकोचं म्हणणं, नववीतल्या मुकुंदाच्या डोळ्यांनी शिरोडकर किती गोड दिसते ते कळलं, पण शिरोडकरला काय वाटत होतं? तिच्या बापाची बदली झाली आणि ती गेली. ती गोष्ट तिच्या बाजूनं कुणी लिहिणार आहे का? माझ्याकडे उत्तर नाही. ती म्हणाली, नसू दे, मीच लिहीन. आणि खरंच लिहायला बसली आहे, सोळा पानं झालीत.

निळी_शाई

वहिनींना सांगा, झालं की आम्हाला वाचायचं आहे.

मोरपंखी

अनुमोदन. बायकांच्या बाजूच्या कादंबऱ्या हव्या असतील तर कविता महाजनांचं ‘ब्र’ आणि गौरी देशपांडेंचं ‘एकेक पान गळावया’ नवऱ्यांच्या हाती द्या. नुसतं सुचवून होत नाही, हातात द्यावं लागतं. आमच्याकडे गौरीबाईंनंतर दोन दिवस शांतता होती. मग त्यानं विचारलं, "तुलाही असं वाटतं का?" लग्नाच्या नवव्या वर्षी हा प्रश्न पहिल्यांदा आला.

पानखूण

दहा दिवसांनी येते आहे.

‘कोसला’ संपवलं. कोरं पान, तुमचे मनापासून आभार. पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते. ज्यांनी वाचलंय त्यांना त्या पानांबद्दल मी काय सांगणार, आणि ज्यांनी वाचलं नाही त्यांना सांगूनही कळायचं नाही. इतका वेळ जो मुलगा प्रत्येक गोष्टीला ‘वगैरे’ म्हणत होता त्याच्याकडे बोलायला शब्दच उरत नाहीत, आणि तरी तो बोलत राहतो. चिलखत म्हणजे काय ते मला तिथे कळलं. पांडुरंगच्या जगात बायका नाहीत असं मी वर म्हटलं होतं. ते मी मागे घेते.

पेन्सिल हातात होती. रेघ ओढली नाही. ती पानं वाचून झाल्यावर लक्षात आलं, की नवऱ्याचीही तिथे एकही खूण नाही. आधीची पन्नास पानं टिंबांनी भरलेली, नंतरचीही भरलेली, आणि मधली ही पानं कोरी. वीस वर्षांपूर्वीची त्याची ही प्रत. मी त्याला उठवून विचारलं, "इथे का काही नाही रे?"

झोपेतच म्हणाला, "तिथे कुठं करणार?"

रातवाचक

काल रात्री ‘मृत्युंजय’मधला वृषालीचा भाग पुन्हा वाचायला घेतला आहे. सावकाश. दोन टिंबं झाली, त्यांतलं एक तिच्या रेघेला लागून आहे. दुसऱ्या ठिकाणी मात्र तिनं रेघ ओढलेली नाही आणि मला ती का ओढली नाही ते कळत नाही. आज रात्री विचारतो, मग लिहितो.